मास्तरांनी न पाहिलेला शेवट

मास्तर तो सिनेमा तीनदा बघून आले आणि तिन्ही वेळा शेवटाच्या आधी उठून बाहेर पडले. तरीही त्या शेवटावर ते कॅन्टीनमध्ये अर्धा अर्धा तास बोलत. न पाहिलेल्या गोष्टीवर इतकं ठामपणे बोलणारी माणसं आमच्या कुपवाडच्या कंपनीत पुष्कळ होती, पण ती बहुतेक केबिनमध्ये बसत. मास्तर टूलरूममध्ये बसत, आणि त्यांच्या हातातलं माप कधी चुकत नसे, म्हणून त्यांचं ऐकून घ्यावं लागे.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. ते कंपनीच्या नाटकाचे प्रॉम्प्टर. दरवर्षी कामगारांच्या स्पर्धेसाठी आमच्याकडे नाटक बसायचं, म्हणजे तेच नाटक पुन्हा बसायचं. शंभर वर्षांपूर्वीचं, पाच अंकी, अंगरखे-पगड्यांचं. त्याला नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. नुसतं 'नाटक' म्हटलं की कळायचं, कारण दुसरं कुठलं नव्हतंच. मी डिस्पॅचला होते आणि त्यात किल्लेदारीण करायची. कंपनीत बायका तिघीच होत्या आणि बाकीच्या दोघींनी माझ्या आधी नाही म्हटलं, एवढीच माझी निवड.

नाटकाची गोष्ट अशी. रात्री कुणीतरी किल्ल्याचा दरवाजा आतून उघडून देतं आणि संशय किल्लेदाराच्या तरुण मुलावर येतो. किल्लेदार मोठा न्यायी माणूस. घरचा म्हणून सवलत नाही, असं म्हणून तो स्वतःच्या मुलाचा कडेलोट करायचा हुकूम देतो. मुलगा गेल्यावर घटकाभराने म्हातारा पहारेकरी धावत येतो आणि दरवाजा भलत्यानेच उघडला होता हे सांगतो. मग पाचवा अंक सगळा किल्लेदाराच्या रडण्याचा. त्या अंकात मला एकच वाक्य होतं आणि ते मी दरवर्षी विसरायची.

मास्तरांची वही लाल कापडात बांधलेली असे. वही कशाला, हे मला कधी कळलं नाही, कारण अख्खं नाटक त्यांना तोंडपाठ होतं. प्रॉम्प्टिंगची सवय त्यांना इतकी लागली होती की नाटकाबाहेरही ती सुटत नसे. बँकेत खिडकीपलीकडच्या माणसाने 'सर्व्हर' एवढं म्हटलं की हे 'डाऊन हाय' म्हणून मोकळे. माझ्या लग्नात नवऱ्याला उखाणा आठवेना, तर हे सगळ्या पाहुण्यांतून वाट काढून त्याच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले. आमचे साहेब पंधरा ऑगस्टला दरवर्षी तेच भाषण करत. एकदा ते 'आपल्या कंपनीने या वर्षी' असं म्हणून टाळ्यांसाठी थांबले आणि झेंड्याच्या खांबामागून हलका आवाज आला, 'अनेक अडचणींवर मात करून'. साहेबांनी ते निमूटपणे म्हटलं. पुढची चार वाक्यंही त्यांनी खांबामागूनच घेतली. भाषण त्या वर्षी लवकर आटोपलं, म्हणून कुणी तक्रार केली नाही.

आपल्या कामाविषयी मास्तरांचं एक मत होतं आणि ते नव्या नटाला पहिल्याच तालमीला ऐकावं लागे. वाक्य सांगणं सोपं आहे, नट विसरलाय की थांबलाय हे ओळखणं अवघड, असं ते म्हणत. विसरलेल्याला ताबडतोब द्यायचं, थांबलेल्याला चुकूनही द्यायचं नाही. त्यांच्या वहीत अशा थांबायच्या जागा लाल पेन्सिलीने दाखवलेल्या होत्या. त्यांतली सगळ्यात मोठी चौथ्या अंकात होती. कडेलोटाआधी बाप-लेक समोरासमोर येतात. बाप विचारतो, "जेवलास?" मुलगा म्हणतो, "जेवलो." आणि मग दोघंही गप्प. मी दाराशी उभी. तिथे मास्तरांनी 'सहा' असं लिहिलेलं होतं. मनात सहा मोजायचे आणि मग किल्लेदाराने 'घेऊन जा' म्हणायचं.

किल्लेदार आमचे सुभेदार करायचे. सुभेदार कंपनीच्या सिक्युरिटीचे प्रमुख, साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. मिशा अशा की पगडी घालायच्या आधीच किल्लेदार दिसायचे. आवाज परेडचा. एकच अडचण होती, की त्यांनी इतक्या वर्षांत नाटकाची एक ओळही पाठ केली नव्हती. मास्तर विंगेतून बोलणार आणि सुभेदार ते मैदानभर ऐकू जाईल असं म्हणणार. अर्थ काय, पुढे काय, याची ते चौकशी करत नसत. "आदेश आला की बोलायचं," असं ते म्हणत, आणि त्या आदेशपालनावर आम्हाला दोनदा अभिनयाचं बक्षीस मिळालं होतं.

आता मास्तरांच्या मुलाविषयी सांगायला हवं, कारण सिनेमा त्याने लिहिला होता.

मास्तरांची बायको लवकर गेली. घरात हे दोघंच. मुलगा नाटकाच्या तालमी बघत वाढला आणि डिप्लोमा करून आमच्याच टूलरूममध्ये ट्रेनी म्हणून लागला. बापाच्या हाताखाली. तो लागून वर्ष होत आलं असेल, तेव्हा टूलरूममधला स्लिप गेजचा डबा दिसेनासा झाला. स्लिप गेज म्हणजे पोलादाचे गुळगुळीत छोटे ठोकळे. बाकीची सगळी मापं त्यांच्यावर तपासायची, त्यामुळे टूलरूममध्ये त्यांना देवासारखं जपतात. कपाटाच्या किल्ल्या दोघांकडेच, बापाकडे आणि मुलाकडे. दोन दिवस कुजबुज झाली. तिसऱ्या दिवशी कुणी काही म्हणायच्या आत मास्तर स्वतः साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि माझ्या मुलाला कामावरून कमी करा, असं लिहून देऊन आले. साहेब तर चौकशी करू म्हणत होते. मास्तरांनी ऐकलं नाही. मुलाला त्यांनी संध्याकाळी घरी गेल्यावर विचारलं, ते फक्त जेवलास का एवढंच. हे मला मुलानेच नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो पुण्याला गेला.

तीन आठवड्यांनी डबा कुरियरने परत आला. तो तपासणीसाठी पुण्याच्या प्रयोगशाळेत गेला होता. कंपनीतल्या प्रत्येक मापाची वर्षातून एकदा अशी तपासणी व्हावी लागते. पाठवायच्या गेटपासवर मास्तरांची सही होती. सगळ्या जगाची वाक्यं लक्षात ठेवणारा माणूस आपणच डबा पाठवलाय हे विसरला होता. कुरियर माझ्याच टेबलावर आलं, म्हणून डबा आणि गेटपास घेऊन मीच टूलरूममध्ये गेले. मास्तरांनी सही बघितली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि सही पुन्हा बघितली. मग म्हणाले, "ठेवा ताई तितं." बस, एवढंच. डबा कपाटात परत दिसायला लागला तेव्हा कुणी काही विचारलं नाही. टूलरूममध्ये मास्तरांना विचारायची पद्धत नव्हती.

मला मात्र राहवलं नाही. त्याच आठवड्यात मी मुलाला फोन केला आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आबांना माहीत हाय?" मी म्हटलं, त्यांच्या हातातच दिला मी डबा. "मग ते सांगतील की," तो म्हणाला, "तुमी सांगितलंय असं बोलू नका त्यांना." मी बरं म्हटलं. मला वाटलं, चार दिवसांचा प्रश्न आहे.

बारा वर्षं गेली. मास्तर दरवर्षी विंगेत बसून तेच नाटक सांगत राहिले. चौथ्या अंकात मी दाराशी उभी राहून त्यांच्याकडे बघायची, की आता तरी या माणसाच्या चेहऱ्यावर काही हलेल. काही हलत नसे. ते मान खाली घालून सहा मोजत असत. मला त्यांचा राग यायचा, आणि नाटक संपल्यावर भडंगाचा डबा उघडून ते सगळ्यांना वाटत फिरायचे तेव्हा त्या रागाचं काय करावं हे कळायचं नाही.

मुलगा तिकडे आधी मालिकांसाठी लिहीत होता असं कानावर येई. मग गेल्या वर्षी हा सिनेमा आला आणि विश्रामबागच्या थेटरात लागला. पोस्टरवर लेखक म्हणून त्याचं नाव होतं. सिनेमा आमच्या नाटकावरूनच घेतलेला. किल्ल्याच्या जागी साखर कारखाना, किल्लेदाराच्या जागी चेअरमन. दरवाजा उघडण्याऐवजी कारखान्याची कागदपत्रं विरोधी पॅनेलला कुणीतरी नेऊन दिलेली, आणि संशय चेअरमनच्या मुलावर. शेवट बदलला आहे, मुलगा मरत नाही, हे पहिल्याच दिवशी कंपनीत सगळ्यांना कळलं होतं. त्यामुळेच मास्तर शेवटाआधी उठत. जे होतच नाही ते काय बघायचं, असं त्यांचं म्हणणं. सुरुवातीला मात्र ते अगदी वेळेवर जाऊन बसत. लेखकाचं नाव सुरुवातीलाच येत होतं.

कॅन्टीनमध्ये मग रोज तुलना चाले. मास्तरांनी वहीच्या मागच्या पानांवर दोन रकाने आखले होते, एक नाटकाचा, एक सिनेमाचा. किल्ल्याला बुरूज असतो, कारखान्याला धुराडं असतं, आणि धुराड्यावरून कुणी कुणाचा कडेलोट करत नाही, हा पहिला आक्षेप. नाटकात पहारेकरी धापा टाकत येतो, सिनेमात तेच मोबाईलवर येतं, त्याने दम कुणाला लागणार, हा दुसरा. असे वीसेक होते. आमचे लोक डबा खाता खाता ऐकत आणि माना डोलवत. एकदा पेंटशॉपमधल्या कुणीतरी सहज म्हटलं, की मास्तर, त्या काळी मोबाईल असता तर नाटकातलं पोरगंसुद्धा वाचलं असतं, बातमी उशिरा पोचली एवढंच झालं. मास्तरांनी वही मिटली.

"बातमी उशिरा आली म्हणून मरत न्हाई त्यो," ते म्हणाले. "बापानं इचारलं न्हाई म्हणून मरतोय. समोर हुबा हाय पोरगा. इचारलं तर सांगंल की. पर किल्लेदाराला इचारता येत न्हाई. लोक म्हणतील, घरच्याला इचारलं, बाहेरच्याला असता तर इचारलं असतंस का? नाटक हितं हाय, ध्यानात घ्या."

टेबलावर सगळ्यांनी आपापल्या चहात बघितलं. मास्तर नाटकाविषयी बोलत होते आणि अगदी बरोबर बोलत होते. नाटक त्यांच्याइतकं कुणालाच कळलं नव्हतं.

मग एका रविवारी मी त्यांना चौथ्यांदा सिनेमाला नेलं. नवऱ्याला बरोबर घेतलं. मास्तरांना भिंतीकडच्या खुर्चीवर बसवलं, शेजारी मी आणि पलीकडे नवरा, जो एकदा बसला की उठायला वेळ घेतो. मध्यंतरानंतर तासाभराने मास्तरांची चुळबुळ सुरू झाली. मी म्हटलं, मास्तर, पाय दुमडले जात नाहीत यांचे, पाच मिनिटं थांबा. त्यांनी थांबून बघितलं.

शेवट असा होता. चेअरमन आणि मुलगा बंगल्याच्या व्हरांड्यात उभे आहेत. चेअरमन विचारतो, जेवलास? मुलगा म्हणतो, जेवलो. दोघं गप्प. मी मनात मोजलं. सहा झाले, आणि चेअरमन म्हणाला, "तू केलंस का रं हे?" मुलगा म्हणाला, "न्हाई आबा." चेअरमन म्हणाला, "बरं." आणि दोघं आत गेले. खरं कुणी केलं ते सांगणारा मोबाईल त्यानंतर वाजला. एवढाच सिनेमाचा शेवट. पुढच्या रांगेतला कुणीतरी मारामारी नाही म्हणून कुरकुरला. मास्तर दिवे लागले तरी पडद्याकडे बघत बसले होते. थेटरात सफाईवाला आला तेव्हा उठले. त्यांच्या घराशी सोडताना म्हणाले, "एवढं सोपं हाय व्हय, ताई?" मी हो म्हटलं. ते मान हलवून आत गेले.

त्यानंतर पंधरा दिवसांनी सांगलीच्या नाट्यगृहात आमचा स्पर्धेचा प्रयोग होता. मास्तर महिनाअखेरीला निवृत्त होणार होते, म्हणजे हा त्यांचा शेवटचा. मी मास्तरांच्या मुलाला फोन करून कळवलं. आबांनी बोलावलंय का, असं त्याने विचारलं. मी खरं ते सांगितलं, नाही म्हणून. तो बघतो म्हणाला. आला की नाही, हे मला पडदा उघडेपर्यंत माहीत नव्हतं. पहिल्या अंकात शेवटच्या रांगेमागे दाराजवळ कुणीतरी उभं दिसलं आणि ओळख पटली. विंगेत स्टुलावर बसलेल्या माणसाला प्रेक्षक दिसत नाहीत. मास्तरांना काही कळायचं कारण नव्हतं.

चौथा अंक आला. सुभेदार जेवलास म्हणाले, मुलाचं काम करणारा सीएनसी मशीनवरचा ऑपरेटर जेवलो म्हणाला. मी दाराशी. सुभेदार पुढच्या आदेशाची वाट बघत ताठ उभे. चार, पाच, सहा. विंगेतून आवाज आला नाही. सात, आठ. मला वाटलं, मास्तरांना काही झालं. मान न वळवता तिकडे बघितलं तर त्यांनी वही मिटून मांडीवर ठेवली होती. आणि मग ते बोलले. रोजच्याच कुजबुजत्या आवाजात, पण वहीत नसलेलं.

सुभेदारांनी आदेश पाळला. अख्ख्या नाट्यगृहाला, दाराबाहेरच्या चहावाल्यालाही ऐकू जाईल अशा परेडच्या आवाजात त्यांनी विचारलं, "तू केलंस का रं हे?"

ऑपरेटरला या प्रश्नाचं उत्तर कुणी शिकवलं नव्हतं. त्याने विंगेकडे बघितलं. विंग गप्प. माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार? शेवटी तो आपल्या मनाने म्हणाला, "न्हाई आबासाहेब, म्या न्हाई केलं." पुढे कुणालाच काही बोलता येईना. मुलाने नाही म्हटल्यावर त्याचा कडेलोट कसा करायचा? पडदेवाल्याने थोडा वेळ वाट बघितली आणि पडदा ओढला. लोकांना वाटलं मध्यंतर झालं. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि निम्मे चहाला गेले. परीक्षक तिघं एकमेकांच्या कागदात डोकावत होते. शंभर वर्षांचं नाटक चाळीस मिनिटं आधी संपलं होतं.

रंगपटात गोंधळ उडाला. सुभेदार सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगत होते की मला सांगितलं ते मी बोललो. ऑपरेटर रडकुंडीला आला होता. मास्तर मात्र विंगेत स्टुलावरच होते. मी त्यांच्याकडे गेले, पण माझ्या आधी मागच्या जिन्याने त्यांचा मुलगा आला. बारा वर्षांत तो जरा जाड झाला होता, केसही मागे हटले होते. मास्तरांनी त्याला बघितलं आणि ते उभे राहिले. मला वाटलं, आता हा माणूस जेवलास का विचारणार. मी मनातून घाबरले होते.

"डबा मीच धाडला हुता," मास्तर म्हणाले. "गेटपासवर सही माझीच हाय."

"माहीत हाय मला," मुलगा म्हणाला.

"कवापासनं?"

"डबा आला त्याच आठवड्यापासनं."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी किल्लेदारणीच्या लुगड्यात, कपाळावर चंद्रकोर, आणि बारा वर्षं दोघांच्या मध्ये गप्प बसलेली. मला तिथून पळून जावंसं वाटलं. नाटकात बातमी उशिरा येते, सिनेमात ती वेळेवर येते, आणि मी रोज कॅन्टीनमध्ये बसून त्यातलं बरोबर काय ते ऐकत होते. आमच्यात बातमी तीन आठवड्यांत दोन्हीकडे पोचली होती. मीच पोचवली होती. तिने काहीही झालं नव्हतं.

"मग बारा वर्सं काय करत हुतास रं?" मास्तरांनी विचारलं. आवाज त्यांचा नेहमीचाच, विंगेतला.

"तुमी सांगायची वाट बघत हुतो," मुलगा म्हणाला. "तुमी काय करत हुता?"

मास्तरांनी मिटलेली वही स्टुलावर ठेवली.

"तू येऊन भांडशील, म्हणून वाट बघत हुतो," ते म्हणाले.